चिंचेखाली काय उगवतं

गुलाब सगळ्यांना हवा असतो. बंगल्याच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला चिकटून, जिथं सूर्यनारायणानं जन्मात तोंड दाखवलेलं नाही अशा बोळात लावायलाही माणसाला गुलाबच हवा असतो. मी म्हणते, "अहो, तिथं नाही यायचा." तर म्हणतात, "तुम्ही द्या तर खरं." मी देते. धंदाच आहे माझा. महिन्याभरानं तेच गिऱ्हाईक वाळकी काडी हातात धरून दारात उभं. "मावशी, तुमचं रोप खराब निघालं." रोप खराब! म्हणजे पोरीला धड नांदवायचं नाही आणि बोल लावायचा माहेराला.

बेलापूरला आमची नर्सरी आहे. कशी सुरू झाली, कुणी मदत केली, कुणी पाय ओढले, ते सगळं मी सांगत बसत नाही. पोट चाललं उसाच्या रोपांवर आणि जीव होता सावलीतल्या झाडांवर, एवढं पुरे. आमच्या भागात उसाची रोपं ट्रेमध्ये वाढवून विकतात, त्याला मरण नाही. पण त्या हिरव्या जाळीखाली, ट्रेच्या मांडवाच्या बुडाशी, जिथं उजेड गाळून गाळून येतो, तिथं मी आपली एकेक वेडी झाडं जमवत गेले. कॅलेडियम, नेचे, सोनटक्का, भुईचाफा. गिऱ्हाईक तिकडं ढुंकून बघायचं नाही. आता नर्सरी सून बघते आणि मी तिच्या कामात लुडबुड करते. ती म्हणते, "आई, तुमी बसा आता निवांत." बसतेय कशाची!

सावली म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, ऊन नाही ती सावली. अहो, सावलीतही जाती आहेत. सकाळी ऊन आणि दुपारी सावली, ही लाडाची सावली. तिथं काय वाटेल ते येतं. सकाळी सावली आणि दुपारी ऊन, ही कजाग सावली. झाड भाजून काढते. भिंतीची सावली दाट पण ओलसर. झाडाची सावली पातळ, पण खाली मुळांचं जाळं, कोरडी ठक्क. ज्यानं त्यानं आपापली सावली ओळखून झाड लावावं, तर आमचे लोक शेजाऱ्याची बाग बघून लावतात.

सुप्याला एका कारखान्यात मी कँटीनच्या मागची बाग केली होती. मॅनेजर साहेब चांगला माणूस, पण घाईचा. मी नेचे लावले, मनी प्लांट चढवला, गारेगार हिरवं करून टाकलं. साहेब म्हणाले, "फूल नाही का एकही?" म्हटलं, येतील, पावसाळ्यात येतील. पण त्यांच्याकडे वरचे पाहुणे यायचे होते थंडीत. मी सहज म्हणून गेले तर काय बघते, माझ्या नेच्यांना तारेनं प्लॅस्टिकचे गुलाब बांधलेले! आणि पाहुण्यांपैकी एक जण वाकून वास घेतोय. बरं, वास घेऊन वर "वा!" पण म्हणाला. मी तोंडाला पदर लावून जी पळाले ती गेटबाहेर येऊनच हसले.

नेवाशाला एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे केलेली बाग मात्र मनाजोगती झाली होती. बारा महिने काही ना काही चालू असायचं तिथं. नंतर त्यांनी तिथं फरशा बसवल्या. पार्किंगला जागा पाहिजे हो. त्या बाजूनं गेले की मी अजून दुसरीकडे बघते.

म्हणूनच हौसाआक्कांची गोष्ट मला लिहावीशी वाटली. तिथंही पार्किंगच आडवं आलं होतं.

हौसाआक्का आमच्या नर्सरीत आल्या त्या ऐन वैशाखात, एसटीनं, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. सत्तरीच्या पुढं-मागं असतील. नेवाशाकडं प्रवरेच्या काठाला गाव, ऊस-गव्हाची शेती, घर खाऊन-पिऊन सुखी. आल्या त्या नुसत्याच फिरत राहिल्या. हे काय, ते काय, हे कितीला. ताकाला येऊन भांडं लपवायचं चाललं होतं हे माझ्या लक्षात आलं. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "आक्का, काय पाहिजे ते सांगा तरी."

"चिंचेखाली लावायला कायतरी दे बया."

"चिंचेखाली?"

"व्हय. लई मोठी चिंच हाय दारात. सासऱ्यांच्या आदीची. पोरगा तोडाया निघालाय."

पोरगा म्हणजे संदीप. सुप्याला एका कंपनीत सुपरवायझर, बायकामुलांसकट तिकडेच राहतो, रविवारी गावी येतो. नवीन गाडी घेतली होती. ती चिंचेखाली लावली की चिकट होते, वरून पाला, पाखरांची शीट. त्यानं ठरवलं होतं, झाड काढायचं, निम्म्या जागेत गाडीची शेड आणि निम्म्यात लॉन. वखारवाल्याशी बोलणंही झालं होतं. आई आडवी आली तेव्हा तो म्हणाला होता, "आई, त्या झाडाखाली गवताची काडी उगवत न्हाई. कशाला पाहिजे ते?" आक्का म्हणाल्या, उगवंल. तो हसला. म्हणाला, "पावसाळ्यात उकिरड्यावर पण फूल येतं. तू मला भर उन्हाळ्यात त्या चिंचेखाली फूल दाखव. पुढच्या अक्षय तृतीयेला फूल दिसलं तर झाड तुझं. न्हाई दिसलं तर परत नाव काढायचं न्हाई."

"थट्टेनं म्हणाला असेल हो," मी म्हटलं.

"आसंना. पन पोरगं शब्दाचं पक्कं हाय माझं. थट्टेत दिलेला शब्द बी पाळतो."

आता खरं सांगायचं तर चिंच हे बागेला सगळ्यात वाईट झाड. सावलीपेक्षाही खालची जमीन वाईट, मुळं सगळं पाणी पिऊन घेतात. त्यात लोकांच्या डोक्यात भुताखेताचं. शहाण्या माणसानं नाही म्हणावं. पण मला नको तिथं चेव येतो. मी म्हटलं, "आक्का, उन्हाळ्यातच काय, तिन्ही ऋतूंत फूल दाखवते." घरी आमच्या यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "शालन, तुला कुणी सांगितलं होतं तिन्ही ऋतू म्हणायला? तिनं एकच मागितला होता."

मी गेले ती भर दुपारी. सावली बघायची तर दुपारीच. माझी एक साधी युक्ती आहे. पांढरं फडकं जमिनीवर अंथरायचं आणि त्यावर हात धरायचा. हाताची सावली कडक, काठ स्पष्ट, तर तिथं उजेड भरपूर. पुसट दिसली तर मध्यम. हाताची सावली पडलीच नाही तर नेचे लावा आणि गप्प बसा. तर मी ऐन बाराला त्या चिंचेखाली, ठिकठिकाणी पांढरं फडकं अंथरून, त्यावर हात धरून, डोळे बारीक करून, तोंडानं "इथं पुसट, इथं कडक" असं पुटपुटत फिरत होते. संध्याकाळपर्यंत गावात बातमी, हौसाआक्कानं चिंच बांधायला बेलापूरची देवरशीण आणलीय. दोन बायका तर येऊन मला विचारून गेल्या, "बाई, म्हशीची नजर काढता का?"

मी फिरत होते तेव्हा आक्का बुंध्याशी बसून सुपात हुलगे निवडत होत्या. मी सहज विचारलं, "आक्का, एवढा जीव का हो या झाडावर? चिंचा तर बाजारात मिळतात."

त्यांनी सूप थांबवलं नाही. म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा ह्या घरात बसायची सोय न्हवती. वट्यावर सासरे, चुलीपाशी सासू. बाईमानूस बसलेलं दिसलं की हाक आलीच. ह्या झाडाखाली तेवढं बसता यायचं. पन हातात काम पायजे. सूप म्हन, वाकळ म्हन, चिंचा फोडायच्या म्हन. हातात काम दिसलं की कुनी उठवायचं न्हाई. सगळा जलम माझा हितं गेला बघ. घर त्यांचं हुतं, ही जागा माझी."

फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं. पण आता काही झालं तरी ही पैज हरायची नाही, असं मनाशी घट्ट ठरवलं.

झाडाखाली बाग करायची तर खड्डे खणायचे नसतात. मुळं तोडली की झाड रुसतं आणि नवीन मुळं दुप्पट जोमानं येऊन तुमचंच खत खातात. मुळांच्या बेचक्यांत पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरायचं, जिथं जमिनीत जागा नाही तिथं छोटे उंचवटे करायचे, आणि वरून पालापाचोळ्याची जाड गोधडी. मृगाचा पाऊस झाल्यावर मी लागवड केली. मोरीचं पाणी जिथं मुरायचं तिथं सोनटक्का. पूर्वेच्या कडेला, सकाळचं कोवळं ऊन येतं तिथं, अबोली आणि कोरांटी. मधे तेरड्याचं बी फेकलं, हळद आणि कॅलेडियम लावलं. आणि भुईचाफ्याचे कंद, काही खालच्या बाजूला आणि काही बुंध्याजवळच्या उंचवट्यांवर.

हा भुईचाफा म्हणजे माझा हुकमी पत्ता. पावसाळ्यात नुसती पानं, तीही अशी की माणूस हळदच समजेल. थंडीत पानं सुकून नाहीशी. जमीन उघडी. आणि वैशाखवणव्यात, पान नाही, काडी नाही, थेट भुईतून फूल वर येतं. पांढरं, जांभळ्या ओठांचं, आणि वास असा की वाटेनं जाणारा थांबावा. अट एकच, थंडीत त्याला झोपू द्यायचं. कोरडं.

पहिलं भांडण झालं ते खराट्यावरून. मी सांगितलं होतं, पाला काढायचा नाही. आक्कांनी मान डोलवली. आठ दिवसांनी गेले तर झाडाखाली चकचकीत, वर खराट्याच्या रेघा! माझी गोधडी उकिरड्यावर.

"आक्का, अहो, काय सांगितलं होतं मी?"

"हात ऱ्हात न्हाई गं. पाव्हनं आलं तर म्हनतील, ह्या घरात बाई हाय का न्हाई?"

"म्हणू द्या."

"तुज्या दारात म्हनत न्हाईत म्हनून तुला सोपं हाय."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी दगडांची एक ओळ लावली. म्हटलं, आक्का, ह्या ओळीच्या अलीकडं तुमचा खराटा, पलीकडं माझं राज्य. त्यांनी चिंचेची आण घेतली. तरी ओळीच्या जवळून झाडताना हात जरा लांब जायचाच. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच आधी उघड्या जमिनीत बोटं घातली आणि मग पाला उचलून त्याच्या खालच्या जमिनीत. एक कोरडी, एक गार. "अगं बया," म्हणाल्या, "हे तर पांघरून हाय." त्या दिवसापासून उलटंच सुरू झालं. ओळीच्या अलीकडचा पाला झाडून त्या पलीकडं लोटू लागल्या, आणि शेजारणीच्या अंगणातलाही मागून आणू लागल्या. शेजारीण म्हणाली असेल, म्हातारी गेली कामातून.

पावसाळा तर मजेत गेला. तेरडा असा फुलला की गुलाबी, लाल, पांढरा नुसता धुमाकूळ. संदीप रविवारी आला, बघून म्हणाला, "मावशी, तेरड्याचा रंग तीन दिवस." म्हटलं, "बघू की." मग सोनटक्का आला. संध्याकाळी त्या वासानं शेजारपाजारची लेकरं मोबाईल टाकून अंगणात यायला लागली. संदीपची बायको प्रियांका रोज फोटो मागायची, आणि आक्का शेजारच्या पोरीकडून काढून पाठवायच्या. दिवाळीपाठोपाठ कोरांटी पेटली, पिवळी आणि जांभळी. अबोली तर कधी थांबलीच नाही, प्रियांका आली की गजरा करून नेई. दोन ऋतू मी खिशात टाकले होते. मी नर्सरीत असा रुबाब करत फिरत होते की सून म्हणाली, "आई, पाय जमिनीवर ठिवा."

मार्गशीर्षात एका सकाळी फोन आला. आक्कांचा आवाज लाडात आलेला. "शालन, आज तुज्या बागेला पोटभर पानी पाजलं बघ!"

"कुठलं पाणी?"

"पाटाचं गं. पाळी आली आपली. ऊस भिजवला, गहू भिजवला, अजून पानी चालूच हुतं. म्हनलं, ही बिचारी तहानंली आसतील. दार फोडलं आन् दिलं सोडून."

मी फोन ठेवला आणि चपला शोधल्या. आमच्या भागात पाटाच्या पाण्याची पाळी म्हणजे सणच. आलेलं पाणी वाया जाऊ देणं हे पाप, मग ते ज्याला नको त्यालाही पाजायचं. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसानं ही चूक केली नसती. आणि जमीन काळी, एकदा प्यायली की महिना-महिना सोडत नाही.

तशीच गेले. चिंचेखाली तळं. आणि तळ्याच्या मधोमध एका पायावर बगळा उभा! आक्का कौतुकानं म्हणाल्या, "बघ, बगळा बी आला."

मला हसूही येत होतं आणि रडूही. चर काढून पाणी वाटेला लावलं. आठ दिवसांनी खालच्या बाजूला बोट घालून एक कंद काढला तर तो लिबलिबीत, सडक्या कांद्यासारखा वास. तोपर्यंत आक्कांच्या लक्षात आलं होतं. तोंड एवढंसं झालं.

"मेलं का गं सगळं?"

"खालचे गेले. उंचवट्यावरचे... असतील."

"काढून बघ की."

"नाही आक्का. झोपलेल्याला उठवून, जिवंत आहेस का, असं विचारायचं नसतं. आता वैशाखातच कळेल."

त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माज्याच हातानं मी झाड तोडलं म्हनायचं." मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटत होता. हात फिरवला. राग घरी जाऊन यांच्यावर काढला.

अजून अबोली होती. भुईचाफा दगा देईल तर उन्हाळ्यात अबोली तारेल, असा माझा हिशोब. पण फाल्गुनात चिंचा उतरवायला माणसं आली. दरवर्षी चिंच उक्ती, म्हणजे सगळ्या झाडाचा ठोक सौदा करून, दिलेली असते; काठ्या घेऊन पोरं वर चढतात, झोडपतात, खाली ताडपत्र्या. मला ते ठाऊक होतं, म्हणून झाडाच्या पोटाखाली मी सगळी झोपणारी झाडंच लावली होती. तिथं हत्ती नाचवा, काही बिघडत नाही. पण त्या लोकांनी चिंचांचे ढीग लावले ते पूर्वेच्या कडेला, सकाळच्या उन्हात. अबोलीच्या डोक्यावर! आक्का बाजाराला गेल्या होत्या. आल्या तोवर सगळं भुईसपाट.

मग चैत्र. चिंचेनं आपला पाला गाळला. झाडाखाली बारीक पिवळ्या पाल्याचा थर, बाकी काही नाही. एक हिरवं पान नाही. मी दर चार दिवसांनी जाऊन उकिडवी बसून बघायची आणि परत यायची. आक्का चहा द्यायच्या. खराटा त्यांनी गोठ्यात टांगून ठेवला होता, मोह नको म्हणून. कोंबड्या हाकलायच्या, कुत्रं हाकलायच्या, आणि दगडांच्या ओळीपलीकडं स्वतःचाही पाय टाकायच्या नाहीत. एकदा जाताना मला म्हणाल्या, "न्हाई आलं तर तू वाईट वाटून घिऊ नको. दोन ऋतू लई सुख दिलंस." घरी येईपर्यंत एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

अक्षय तृतीयेला संदीप प्रियांकाला घेऊन आला, आणि बरोबर वखारवाला. मीही होतेच. हरायचं तर तोंड दाखवून हरावं. संदीप खजील होता, खोटं का बोलू. म्हणाला, "मावशी, तुमी लई केलं. पण बघताय ना? काय राहिलंय इथं?" आक्का ओट्यावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

वखारवाला धिप्पाड गडी. टेप काढला, बुंध्याचा घेर घ्यायला दगडांची ओळ ओलांडून आत गेला. एक पाय टाकला, दुसरा उचलला, आणि आक्का अशा किंचाळल्या की गोठ्यातली म्हैस उठली.

"पाय! मेल्या, पाय वर घे! वर!"

तो बिचारा एका पायावर थिजला. थेट त्या बगळ्यासारखा. "काय झालं? साप?"

आक्का सत्तरीच्या बाई, धावत गेल्या. मी पाठोपाठ. त्याच्या बुटाखाली, वितीवर, पाल्यातून जांभळट टोक वर आलेलं. त्याच्या बाजूला दुसरं. आणि बुंध्याच्या बेचक्यात, जिथं उजेडाचा कवडसा पडला होता, तिथं एक पूर्ण उमललेलं. पांढरं, जांभळ्या ओठांचं, खाली पान नाही, काडी नाही, नुसती भुई आणि फूल. सकाळी खराटा फिरला असता तर पाल्याबरोबर तेही उकिरड्यावर गेलं असतं.

"आलं गं बया! शालन, आलं!" आक्कांनी माझा दंड असा धरला की आठ दिवस वळ होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. आमची सून म्हणते तुम्ही नाचलात. तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे, प्रियांकानं मोबाईलवर काढलं होतं.

वखारवाला म्हणाला, "भाऊ, पाय खाली कुठं ठिवू ते तरी सांगा."

संदीपनं त्याला धरून, एकेक पाऊल दाखवत, बाहेर काढलं. मग स्वतः चपला काढून आत गेला, वाकला आणि त्या फुलाचा वास घेतला. या वेळी फूल खरं होतं. उठून वखारवाल्याला म्हणाला, "दादा, चहा घ्या आणि निघा. आईनं जिंकलं."

"आन् गाडी?" आक्कांनी विचारलं. पोराची काळजी पण हवीच.

"गोठ्याच्या बाजूला लावीन. म्हशीला सांग, शेण कमी टाक."

पहिल्या वळवानंतर मी तिकडे गेले, खालच्या सडलेल्या जागी लावायला नवीन कंद घेऊन. उंचवट्यांवर भुईचाफ्याची पानं आता वर येत होती, तुटलेल्या अबोलीला बुडातून धुमारे फुटले होते. चिंचेखाली एक लोखंडी बाक होता, संदीपनं स्वतः वेल्डिंग करून आणलेला, हिरवा रंग दिलेला. त्यावर आक्का पाय वर घेऊन बसल्या होत्या.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी सूप शोधत होते. सूप नव्हतं. वाकळ नव्हती, चिंचा नव्हत्या, वाती वळायचा कापूस नव्हता. दोन्ही हात मांडीवर, रिकामे, तळवे वर.

"काय करताय आक्का?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. मग लहान पोरीसारखं हसल्या.

"काय न्हाई गं. बसलेय."

त्या थोड्या सरकल्या आणि बाकावर हात थोपटला. माझ्या हातात खुरपं होतं, पिशवीत कंद होते, ऊन चढायच्या आत लावायचे होते.

"ते ठिव खाली," आक्का म्हणाल्या.

मी खुरपं खाली ठेवलं.